नाताळात गावी जाताय? रविवारी पेस्ट्रीच्या चांदण्या शिकायला या

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी रविवार, ३० नोव्हेंबर रोजी दुपारी ३ वाजता फिनलंडमधल्या लेप्पावाराच्या नेहमीच्या खोलीत जमायचे आहे. आजी-आजोबांना करून खाऊ घालण्यासाठी मुले योउलुतोर्त्तु, म्हणजे फिनलंडमधली नाताळची चांदणीसारखी पेस्ट्री, शिकतील. पफ पेस्ट्रीचा चौकोन, चारही कोपऱ्यांना चीर, मधे प्लमचा जॅम. एकाआड एक टोक मधोमध दुमडले की चांदणी तयार. गावी हा जॅम मिळाला नाही तर खजूर वापरा, खरं तर जास्तच छान लागतो.

- लाटणे आणि डबा घरून आणा.
- ६ डिसेंबरच्या आधी निघणाऱ्यांनी दोन मेणबत्त्या न्याव्यात. त्या दिवशी, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी ६ वाजता खिडकीत लावायच्या.
- मुलांचा पासपोर्ट फिनिश असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड) किंवा व्हिसा आजच तपासा.
- सालमियाक्की (खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या) न्या, पण कोणाला आग्रह करू नका!

येणाऱ्यांनी नावे गुरुवारपर्यंत कळवावीत.