वॉटच्या नादी लागू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. अखेर इलेक्ट्रिक गिटार घेतलीस! पण खाली जे लिहिलंयस, "घरी सरावाला ५० वॉटचा ॲम्प्लिफायर बघून ठेवलाय, घेऊ का?", त्यावर माझं म्हणणं एवढंच की जरा थांब.

मी काय करून बसलो होतो ते तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटायची. पहिला ॲम्प घेताना विकणाऱ्याने "ट्यूबचा आवाज तो ट्यूबचाच" हे असं काही डोक्यात भरवलं, की मी १५ वॉटचा, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या ट्यूबवर चालणारा ॲम्प उचलून आणला. १५ म्हणजे किरकोळच, असं वाटलेलं. रात्री घरचे झोपल्यावर चालू केला. व्हॉल्यूमचा नॉब शून्यावरून केसभर फिरवला, काही नाही. आणखी केसभर, तरी शांतता. तिसऱ्यांदा बोट थोडं जास्त सरकलं आणि जी कॉर्ड कडाडली, की आतल्या खोलीत दिवाच लागला. त्यानंतर वर्षभर तो नॉब एकच्या पुढे गेला नाही. ट्यूबची खरी गंमत ॲम्प रेटल्यावर, म्हणजे आवाज भरपूर चढवल्यावर येते, आणि घरात रेटायची सोय नाही. शर्यतीचा घोडा दारात बांधून ठेवल्यासारखं झालं. शेवटी विकला.

वॉटचं गणित फसवं आहे रे. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. स्पीकर तोच धरला तर ५० वॉटचा ॲम्प ५ वॉटवाल्याच्या जेमतेम दुप्पट वाजणार. उलटं बघ, ५ वॉटवालासुद्धा त्याच्या निम्मा वाजतो, आणि खोलीत तेवढा निम्माही जास्त होतो. त्यामुळे ॲम्प किती मोठा वाजतो हे विचारूच नकोस. अगदी हळू ठेवल्यावर कसा वाजतो, ते बघ. हां, काही ५० वॉटच्या ॲम्पना ताकद कमी करायचा स्विच असतो, बॉस कटाना ५० अर्ध्या वॉटवरही चालतो. तू बघितलेला तसला असेल आणि जागा असेल, तर १२ इंची स्पीकरचा भरदार आवाज मिळतोय म्हणून मी तोंड बंद ठेवतो.

नाहीतर मी ऑरेंज क्रश १२ घेईन. १२ वॉट, ६ इंची स्पीकर, चार-सहा नॉब आणि डोक्याला ताप नाही. फेंडर मस्टँग एलटी २५ मध्ये स्पीकर ८ इंची आहे, आणि तो मॉडेलिंगवाला, म्हणजे बऱ्याच ॲम्पची नक्कल आतच करतो. मजा येते, पण माझ्यासारख्याची संध्याकाळ आवाज बदलण्यातच जाते आणि सराव राहतो. बॅटरीवर चालणारे अगदी चिमुकलेही मिळतात. कटाना मिनी ७ वॉटचा, स्पीकर ४ इंची. उचलून गच्चीवर न्यायला झकास, पण त्याच्याकडून खर्जाची अपेक्षा ठेवू नकोस.

एक गोष्ट मात्र सोडू नकोस: हेडफोनची जागा हवीच. आणि हेडफोन तारेचाच लाव. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण स्वतः वाजवताना बोट आधी आणि सूर मागून, असं होतं आणि ताल पार बिघडतो. ॲम्पला ब्लूटूथ असेल तर त्यावर गाणं लावून सोबत वाजवायला हरकत नाही.

"घरातल्या म्युझिक सिस्टिमलाच गिटार जोडली तर?" हेही तू विचारशीलच, ओळखतो तुला. मी करून बघितलंय. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीला, समोरचं इनपुट साधारण १० लाख ओहमचं लागतं. सिस्टिमचं त्याच्या कितीतरी खाली असतं, म्हणून आवाज गोधडीखालून आल्यासारखा मंद होतो. वर डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला फाटका आवाज, लावलंस तर उलटंच, मधमाश्यांचं मोहोळ उठतं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं गाळून टाकतो, घरातला स्पीकर सगळंच्या सगळं ऐकवतो.

आणल्यावर जमिनीवर ठेवू नकोस. आवाज पायांच्या पोटऱ्यांना लागतो, कानाला नाही. खुर्चीवर ठेव, नाहीतर मागे जरा रेलव. हळू आवाजात खर्ज आणि वरचे सूर कानाला कमीच ऐकू येतात. १९३३ साली बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी हे मोजून दाखवलंय. तेव्हा "छोटा ॲम्प पोकळ वाजतो" म्हणायच्या आधी बेस थोडा चढवून बघ. गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब, मात्र कमीच ठेव. गेन चढवला की सगळं छान वाटतं, चुकीची तार वाजलेलीही कळत नाही. दोन महिने मी स्वतःला भारी समजत होतो, मग एके दिवशी गेन उतरवला आणि तोंड लपवायची वेळ आली.

जुना मिळाला तर घे, लाजू नकोस. फक्त आपली गिटार सोबत ने. प्रत्येक नॉब शून्यापासून दहापर्यंत सावकाश फिरव. खरखर आली तर बहुतेक धूळ असते, साफ होते. पण केबलची पिन जरा हलवल्यावर आवाज येतो-जातो असं झालं, तर जॅक सैल आहे. दुरुस्ती होते, पण ती धरूनच भाव पाड.

केबल मात्र विकत घेऊ नकोस. माझ्याकडे तीन आहेत, त्यातली एक तुझी. पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा, आणि गिटार आणायला विसरू नकोस.

तुझाच,
तो १५ वॉटवाला