मेमध्ये येतेय, पण...

आई, बाबा,

चहा झाला असेल तर वाचा, आणि बाबा, चिडायचं नाही. मेमध्ये कायमची येते म्हणाले होते ना, ते आता होत नाहीये. अबुधाबीत अजून दोन वर्षांची सही केली मी. फोनवर सांगायला धीर झाला नाही, दादाच्या वेळचं सगळं आठवलं.

पैशासाठी नाही, खरंच. काम अर्धं टाकून कसं येऊ? तिवरांच्या (खारफुटीच्या) चिखलात मीटरभर पाइप ठोकायचा, आतली माती कापून वाळवायची, कार्बन किती ते मोजायचं. इथे अख्ख्या वर्षात 100 मिलिमीटर पाऊस नाही, आपल्याकडे आषाढात एका दिवसात पडतो तेवढा, तरी तिवरं उभी आहेत, पानावर मीठ चमकतं. झाडं बुटकी, पण कार्बनचा खरा साठा खाली, चिखलात हवा जात नाही म्हणून पानं-मुळं कुजता कुजत नाहीत. पहिला पाइप उपसला तेव्हा तोच कुजक्या अंड्यांचा वास आला आणि आई, मला रडूच फुटलं, लहानपणी आपल्याकडच्या तिवरांत चिंबोऱ्यांच्या नादात मांडीपर्यंत रुतले होते आणि बाबांनी काखेत धरून उपटलं होतं, एक चप्पल तिथेच राहिली.

बाबा, तुम्ही म्हणणार तेल विकणारे झाडं लावून काय दिवे लावणार. इथल्या सरकारने 2030 पर्यंत 10 कोटी तिवरं लावायचं जाहीर केलंय, पण तेलाचा हिशोब त्याने फिटत नाही हे मलाही कळतं. फक्त जुना चिखल उकरून भराव टाकला की शेकडो वर्षांचं साठलेलं परत हवेत जातं, म्हणून कुठे हात लावायचा नाही ते आकड्यांनी दाखवावं लागतं. तेवढंच माझं काम.

उन्हाची काळजी नको, पहाटेच जातो, भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी आहे. आमसुलं, उकडे तांदूळ सगळं मिळतं.

आता ऐका. बाबा, शुगरची गोळी जेवणाआधीची आधीच घ्यायची, "विसरलो" चालणार नाही. आई, तू विहिरीवर एकटी जायचं नाहीस, पंप कशाला बसवलाय? मेमध्ये पंधरा दिवस येतेच आहे, तिकीट काढलंय. रविवारी कॉल करते, रिपोर्ट समोर घेऊन बसा. आणि रागावला असाल तर आईकडे फोन देऊन उठून जाऊ नका, प्लीज.

तुमची,
छोटी