जंतूंवर खापर कशासाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘हायड्रोजनचोर जंतू’ हा लेख वाचला आणि काल दिवसभर तोच डोक्यात होता. जमिनीखाली साठवलेला हायड्रोजन जंतू खाऊन टाकतात, अशी त्यात तक्रार होती. सोबतचं चित्र तर अगदीच चुकीचं. दात विचकणारा हिरवा किडा आणि त्याच्या तोंडात गॅसची नळी! माझी नात विचारते, “आजी, हा पोटात गेला तर?” मी तिला सांगितलं, गाईच्या पोटात हे जंतू जन्मभर असतात आणि गाय निवांत रवंथ करते. हे तुमच्या लेखात यायला हवं होतं.

चेक प्रजासत्ताकातल्या लोबोडित्सेच्या भूमिगत साठ्यात हायड्रोजन घटला, हे खरं. पण तिथेच मिथेन वाढला, हे का गाळलं? हे जंतू हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेतात, मिथेन आणि पाणी देतात. चार भाग हायड्रोजनमागे एक भाग मिथेन मिळतो आणि पाचातले जवळपास चार वाटे ऊर्जा त्यात शिल्लक राहते. ज्याला हायड्रोजनच परत काढायचा आहे त्याचं नुकसान होतं, मान्य. पण ऑस्ट्रियात पिल्सबाखला, जमिनीखाली सुमारे एक किलोमीटरवर, नैसर्गिक गॅस काढून घेतलेल्या खडकाच्या थरात २०१७ पासून याच जंतूंना मुद्दाम कामाला लावून पाहिलं. उन्हाळ्यात उरलेल्या सौर विजेपासून हायड्रोजन करायचा, तो खाली सोडायचा आणि थंडीत घरं तापवायला मिथेन वर काढायचा. उन्हाळ्याची वीज हिवाळ्यापर्यंत बॅटरीत ठेवणं किती महाग पडतं, ते सौर पॅनल बसवलेल्या कोणालाही विचारा. आणि हे जंतू बॅक्टेरियाही नाहीत. ते आर्किया, हा वेगळाच वंश, हे कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी १९७७ सालीच मांडलं.

मला राग येण्याचं कारण घरचं आहे. शेणापासून गोबरगॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन, करतात तेही याच जातकुळीचे जंतू. १९८६ साली आमच्याकडे अनुदानातून गोबरगॅस बसला. आई रोज सकाळी शेण कालवून कुंडीत ओतायची. गॅस भरून लोखंडी टाकी वर चढलेली दिसली की म्हणायची, “आज दोन्ही वेळचं भागेल.” तिसऱ्या वर्षी टाकी चढेना. कचेरीत तीन खेपा घातल्या तेव्हा एक साहेब आले. टाकीला हातही न लावता म्हणाले, “तुमचे जंतू मेले. थंडीत मरतातच. आता बंद करा.” आई पुन्हा चुलीकडे वळली. दोन महिने धुरात डोळे पुसत भाकऱ्या थापल्या तिने.

पण तिला ते पटलं नव्हतं. एके दिवशी तिने कपड्याच्या साबणाचा दाट फेस केला आणि टाकीभर फासला. वरच्या जोडापाशी फेसात बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक. जंतू आपलं काम करत होते, गॅस भोकातून जात होता. टाकी काढून चार दिवस उघडी ठेवली, मग गावातल्या वेल्डरकडून जोड भरून घेतला. त्यानंतर तो गोबरगॅस नऊ वर्षं चालला.

म्हणून सांगते, लिहायचंच असेल तर गळतीवर लिहा. कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यनच्या भूमिगत गॅससाठ्यातली गॅसची एक विहीर ऑक्टोबर २०१५ मध्ये फुटली आणि जवळपास चार महिने गळत राहिली. सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तरी तापवतो. विहिरीची नळी बाहेरून गंजली होती. गंज चढायला जंतूंचाही हातभार लागतो, पण नळी वेळेवर तपासणं माणसाचं काम होतं. आपल्याकडेही नवीन प्रकल्पाच्या उद्घाटनाचा फोटो पहिल्या पानावर येतो आणि तो तीन वर्षांनी चालतो का, हे पाहायला कोणी जात नाही. तुमचे वार्ताहरही नाहीत.

अजून एक. त्या लेखातली चौकट फिकट राखाडी अक्षरांत छापली होती. मला ती भिंगाखाली वाचावी लागली. माझ्या वयाचे वाचक अजून कागदावरचाच पेपर घेतात, त्यांचा विचार करा.

मागच्या वेळी माझ्या पत्राचा शेवट कापला गेला होता. या वेळी जागा कमी पडली तर माझं बाकीचं कापा, पण आईच्या साबणाच्या फेसाचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक
ता. जुन्नर, जि. पुणे