पिनकोडची बेरीज नऊ, आणि सतराही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीच्या नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून चाललेल्या धडपडीवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. बेरजेतून कळणारा नऊ हा संख्येचा अंगभूत गुण आहे, असा त्यात सूर होता. संख्येला ९ ने भाग जातो की नाही, हे पक्के असते. अंकांची बेरीज मात्र आपण संख्या कोणत्या पायावर लिहितो, म्हणजे डावीकडे जाताना प्रत्येक स्थानाची किंमत किती पट होते, त्यावर ठरते.

सोलापूरचाच पिनकोड घ्या, ४१३००१. बेरीज ९, आणि ९ ने भागून ४५८८९ येतात. आता हीच संख्या उणे दहाच्या पायावर लिहू. तिथे उजवीकडून स्थानांच्या किमती १, −१०, १००, −१००० अशा चालतात. रीत अशी: −१० ने भागत जायचे, बाकी ० ते ९ मधलीच ठेवायची. ४१३००१ ला भागून −४१३००, बाकी १. पुढे ४१३०, बाकी ०. मग −४१३, बाकी ०.

घोळ होतो तो इथे. −४१३ ला −१० ने भागताना बहुतेक जण भागाकार ४१ आणि बाकी −३ लिहितात. पण −३ हा अंक नाही. भागाकार एकाने वाढवून ४२ घ्यायचा, म्हणजे बाकी ७ उरते (−४२० + ७). संगणकाच्या भाषाही अशी उणी बाकी हातात देतात. तेव्हा बाकीत १० आणि भागाकारात १ मिळवायचा. पुढे ४२ चे −४, बाकी २, −४ चा १, बाकी ६, शेवटी १. बाक्या उलट्या क्रमाने लिहिल्या की १६२७००१. ताळा करा: १०००००० − ६००००० + २०००० − ७००० + १.

बेरीज झाली १७! नऊ गेले कुठे? १० ला ९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून नेहमीच्या लेखनात बेरीज ९ ची कसोटी ठरते. −१० च्या बाबतीत १ ही बाकी ११ ने भागल्यावर उरते (−११ + १). म्हणून या पायावर साधी बेरीज ११ ची कसोटी होते, आणि एकाआड एक अधिक-उणे करण्याची ११ ची रीत ९ कडे जाते: १ − ० + ० − ७ + २ − ६ + १ = −९. दोन्ही कसोट्यांची सरळ अदलाबदल. २, ५ आणि १० च्या कसोट्या मात्र जशाच्या तशा, कारण एककाचा अंक बदलत नाही.

या पायावर उणे चिन्हच लागत नाही. एमएच १३ मधले १३ म्हणजे १९३, तर −१३ म्हणजे २७. अंकांची संख्या विषम असेल तर धन, सम असेल तर ऋण. उणे पायाची ही कल्पना इटालियन गणिती व्हित्तोरिओ ग्रुनवाल्ड यांनी १८८५ साली मांडली. पुढे पोलंडमध्ये ‘बिनेग’ नावाचा संगणक उणे दोनच्या पायावर चालला.

बेरीज करताना हातचा उणा येतो, एवढे सांभाळावे. ८ + ५ = १३: ३ लिहा, हातचा −१. दशकात काहीच नाही, म्हणून तिथे −१ ऐवजी ९ लिहून शतकात १ द्या. १९३.

आपला,
एक वाचक, सोलापूर