पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र : ओसल्यात 'दवाई है?' कोणाला विचारायचं?

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
उत्तराखंड शासन, डेहराडून

विषय : हर की दून खोऱ्याच्या ट्रेकवाटेवरील गावांसाठी आरोग्यसेवक

महोदय,

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने धाडली आहे. इथे मराठीत लिहितोय, कारण सुट्ट्यांत या ट्रेकच्या पायथ्याच्या सांकरी गावच्या बाजारात जागोजागी मराठी कानावर पडतं आणि त्या मंडळींनीही हे वाचावं असं वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही 'तालुका' नावाच्या गावी गाडी सोडली आणि सुपिन नदीच्या काठाने ओसल्याकडे निघालो. चढ फार नाही, पण अंतर अंगावर येतं. दुपार कलल्यावर ओसलं दिसलं. देवदारी लाकडाची घरं, तळाशी गुरं, वर माणसं, छपरांवर वाळत घातलेली चौलाईची, म्हणजे आपल्या राजगिऱ्याची, लालभडक कणसं. फोटो भरपूर निघाले, ते सोडा.

गावात शिरताच पोरांनी टॉफी मागितली. मोठ्यांनी विचारलं, "दवाई है?" एका आजींनी ओट्यावर बसून डोळे दाखवले. लाल, चिकट, पापण्यांवर खपली धरलेली. चुलीच्या धुराने की संसर्गाने, हे बँकेत कारकुनी करणाऱ्या मला काय कळणार? आमच्यातल्या एकाने बॅगेतून डोळ्यांचे थेंब काढले. बाटली कधी उघडलेली, देव जाणे. मी ती परत ठेवायला लावली. एका गृहस्थांनी तर खिशातून डायमॉक्सची, म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळ्यांची, पट्टीच काढून दाखवली. आधीच्या कुठल्याशा ग्रुपने 'ताकद येते' म्हणून दिलेली! सुमारे अडीच हजार मीटरवर जन्म काढलेल्या माणसाला तिथेच राहायला ही गोळी कशाला? लघवी तेवढी वाढणार, आणि सल्फाची ॲलर्जी असली तर जिवाशी खेळ.

म्हणजे त्या गावाचा दवाखाना आमच्या पाठपिशव्यांत आहे. हंगाम संपला, बर्फ पडलं, की तोही बंद.

'आरोग्य खातं आमचं नाही,' असं उत्तर येईल. मान्य. पण या वाटेवर माणसं आणणारं खातं आपलंच ना? हर की दून साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे उंचीमुळे कोणाच्या फुप्फुसात पाणी झालं, तर त्याला ताबडतोब खाली आणावं लागतं, आणि खाली पहिलं मोठं गाव लागतं ते ओसलं. तिथे ऑक्सिजन, स्ट्रेचर आणि ते वापरता येणारा माणूस असला, तर तो पुण्याच्या ट्रेकरलाही वाचवील आणि गावच्या बाळंतिणीलाही.

ही वाट ज्यातून जाते ते गोविंद पशुविहार 1955 पासूनचं अभयारण्य. आत जायचं तर शुल्क भरून पावती घ्यावी लागते. त्याबद्दल तक्रार नाही, थोडं वाढवलंत तरी भरू. पण वन आणि आरोग्य खात्यांना सोबत घेऊन त्यातला ठरावीक वाटा वाटेवरच्या गावांच्या औषधपाण्यासाठी राखा, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जाऊ द्या. गावातल्याच दोघातिघांना प्रशिक्षण देऊन बारमाही पगारावर नेमा. नेत्रतपासणीचं शिबिरही ओसल्यातच घ्या. ते खाली पुरोला शहरात ठेवलंत, तर आजी आधी गाडीसाठी तालुका गावापर्यंत चालणार कशा?

पुढचा हंगाम एप्रिलमध्ये उघडेल. त्याआधी निदान ओसल्यातली नेमणूक व्हावी, ही विनंती.

आपला,
पुण्याचा एक ट्रेकर