पोर्टफोलिओत कच्चे कामही हवे

महोदय,

पदवीचे निकाल लागले की ‘ग्राफिक डिझाइनमध्ये मास्टर्स’ या विषयावरचे मार्गदर्शन हमखास वाचायला मिळते. त्यात बहुधा तीनच गोष्टी असतात: अमुक सॉफ्टवेअर शिका, आकर्षक पोर्टफोलिओ (निवडक कामांचा संग्रह) बनवा, अर्ज वेळेत भरा. त्यावर विसंबून विद्यार्थी पदवीच्या वर्षांतले सगळ्यात चकचकीत काम गोळा करतात आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. प्रश्न साधा असतो: ‘हे असेच का केले? आणखी काय करून पाहिले होते?’ आम्ही हा विषय शिकवतो. इतकी मेहनत करून आलेली मुले नेमक्या याच ठिकाणी कमी पडलेली पाहून वाईट वाटते, म्हणून हे सविस्तर पत्र.

पदवीच्या वर्गात ब्रीफ, म्हणजे करायच्या कामाचा तपशील, शिक्षक देतात. पुस्तकाचे मुखपृष्ठ करा, महोत्सवाचे पोस्टर करा. पदव्युत्तर पातळीवर ब्रीफ विद्यार्थ्याने स्वतः लिहायचे असते आणि ते लिहिण्याजोगे का आहे हेही त्यानेच पटवून द्यायचे असते. क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून मांडलेली एक विभागणी इथे फार उपयोगी पडते: डिझाइनविषयी संशोधन, डिझाइनसाठी संशोधन आणि डिझाइनमधून संशोधन. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले माहितीपत्रक घ्या. अशी पत्रके कशी बदलत गेली याचा अभ्यास हे पहिले. ती कोण वाचतो, कोणत्या उजेडात वाचतो, कागद किती मोठा घेता येतो ही माहिती जमवणे हे दुसरे. आणि तेच पत्रक चार तऱ्हांनी मांडून कोणती मांडणी लोकांना कळते, ते करून पाहणे हे तिसरे. अर्जदारांपैकी बहुतेकांना पहिल्या दोन प्रकारांची कल्पना असते. तिसरा प्रकार ऐकूनही माहीत नसतो, आणि पदव्युत्तर अभ्यासाचा गाभा तोच आहे.

या पत्रकाकडे जरा जवळून पाहू. कागद पातळ, म्हणून मागचा मजकूर पुढे उमटतो. अक्षर बारीक, मथळे सगळे एकाच वजनाचे (सारख्याच जाडीचे), आणि घडी नेमकी महत्त्वाच्या ओळीवर पडलेली. विद्यार्थी पहिल्यांदा काय करतो? रंग घालतो, चिन्हे काढतो. ती गरज असेलही, पण ते ठरवायचे चाचणीने. युरोपात अशा पत्रकांसाठी वापरली जाणारी वाचनचाचणी कोणत्याही विद्यार्थ्याला वर्गात करता येईल इतकी सोपी आहे. दहा जणांची एक फेरी घ्यायची, दोष दुरुस्त करायचे, मग नव्या दहा जणांची दुसरी फेरी. प्रत्येकाला तेच दहा-पंधरा प्रश्न: ‘एक गोळी घ्यायची राहिली तर काय करायचे?’ ‘हे औषध कुठे ठेवायचे?’ दहापैकी निदान नऊ जणांना उत्तर सापडले पाहिजे, आणि ज्यांना सापडले त्यांच्यातल्या ९० टक्क्यांना ते स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. सापडणे आणि कळणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या. सापडले नाही तर दोष मांडणीचा, सापडूनही कळले नाही तर बहुधा भाषेचा. वाचणाऱ्याचे बोट ‘मात्रा’ या मथळ्यावरून सरळ पुढे गेले, तर तो मथळा ‘किती आणि कधी घ्यायचे’ असा बदलून पाहायचा. हा निर्णय कोणतेही सॉफ्टवेअर घेऊन देत नाही.

आता पोर्टफोलिओ. संस्थेने संख्या दिली असेल तर तीच पाळावी. नसेल तर आठ ते दहा प्रकल्प पुरे. सर्वांत भक्कम काम पहिले, त्याच्या खालोखालचे शेवटी. प्रत्येक प्रकल्पाशेजारी तीन-चार ओळी हव्यात: अडचण कोणाची होती, तुमचा वाटा नेमका कोणता, काय करून पाहिले आणि ते का सोडून दिले. गटात केलेले काम लपवू नये आणि संपूर्ण स्वतःचे म्हणूनही दाखवू नये. परीक्षकाला दोन प्रश्नांत ते समजते. निदान दोन प्रकल्पांची कच्ची पाने जरूर लावावीत. वहीतले पेन्सिलचे आराखडे, फसलेले ग्रिड (मांडणीच्या आखीव चौकटी), खोडलेले मथळे, जसे आहेत तसे. कप, पिशवी आणि टी-शर्टवर चिकटवलेला लोगो ही हल्ली सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत कमी सांगणारी गोष्ट. त्या तयार चित्रांनी पान भरते, पण लोगो १२ मिलिमीटर रुंदीवर वाचता येतो का, एका रंगात टिकतो का, हे त्यातून कळत नाही. तेच छापून दाखवा.

तांत्रिक चुका आणखी वेगळ्या. पीडीएफमध्ये फाँट एम्बेड केलेले (फाइलमध्येच साठवलेले) नसतात, त्यामुळे परीक्षकाच्या संगणकावर भलतेच अक्षर उमटते. फाइल इतकी जड की उघडता उघडत नाही. ए-तीन पोस्टर पडद्यावर तळहाताएवढे लावलेले, त्यातली एकही ओळ वाचता येत नाही. अशा वेळी पूर्ण पोस्टर एकदा आणि त्याचा एक भाग खऱ्या मापात एकदा दाखवावा. छापील कामाचे फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढावेत. उजेडाच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली हलकी होते. कॅमेरा कागदाला समांतर नसेल तर चौकोनाचा समलंब होतो, आणि मांडणीच तिरकी असल्याचा भास होतो.

मराठी विद्यार्थ्यांनी देवनागरीतले काम पोर्टफोलिओत ठेवावेच, असे आमचे आग्रहाचे मत आहे. दोन लिपी सांभाळणारा विद्यार्थी जगात कुठल्याही वर्गात काहीतरी नवे घेऊन जातो. पण ते काम नेटके हवे. रोमन लिपीत १० पॉइंट (पॉइंट हे छपाईतले माप) अक्षराला १२ पॉइंटची ओळ चालते. देवनागरीत तेच माप दिले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. १० ला १५ किंवा १६ पासून सुरुवात करून छापून पाहावे. पडद्यावरून ठरवू नये. इंग्रजी मथळ्यांच्या सवयीने अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते. एकाच ओळीत दोन्ही लिपी आल्या तर पॉइंट साइज सारखी ठेवून भागत नाही, डोळ्यांना सारखी दिसेपर्यंत एक लिपी लहान-मोठी करावी लागते. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ ही सेटिंग निवडली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. मुद्रित शोधताना हे एकेक करून दुरुस्त करणारे विद्यार्थी आहेत. ती सेटिंग एकदा बदलली की सगळे जागेवर येते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. काही फाँटांत दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली नाही तर हिंदी वळणे उमटतात. परीक्षकाला मराठी येत नसेल, तरी हे तुम्ही दोन वाक्यांत समजावून सांगितलेत तर तो कान देऊन ऐकतो.

अर्जासोबतच्या प्रस्तावात विषय अवाढव्य असणे हा नेहमीचा दोष. ‘समाजमाध्यमांचा ग्राफिक डिझाइनवर परिणाम’ हा विषय दोन वर्षांत काय, वीस वर्षांतही संपणार नाही. कोणती वस्तू, कोणासाठी, कोणत्या जागी आणि यश कशावरून ओळखायचे, एवढी चार उत्तरे लिहून काढली की तोच विषय हाताच्या पंजात मावतो. उदाहरणार्थ, रुग्णालयातल्या दिशादर्शक पाट्या पहिल्यांदाच येणाऱ्या ज्येष्ठांना एक्स-रे विभागापर्यंत न विचारता पोहोचवतात का? इथे मोजणी आपोआप सुचते: किती जणांनी वाट विचारली, कुठे थांबले, कुठून परत फिरले.

प्रवेशानंतरची सर्वांत मोठी फसगत शेवटच्या प्रकल्पात होते, आणि ती छपाईत होते. वाचन लांबते, मांडणी लांबते, छपाईला एक आठवडा उरतो. निदान महिनाभर आधी दोन-चार पाने खऱ्या कागदावर, खऱ्या यंत्रावर छापून घ्यावीत. प्रतिमा अंतिम मापात ३०० पीपीआय (प्रति इंच पिक्सेल), कडेपर्यंत जाणाऱ्या रंगाला ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर सोडलेली जादा छपाई), आणि काळा मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंगांच्या मिश्रणातून काळा केला तर रजिस्टर (चारही शायांचा एकमेकींशी मेळ) केसभर सरकले तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसते. चार शायांची (प्रत्येकी १०० टक्क्यांपर्यंत) बेरीज न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्री कागदावर, २४० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, तर गुळगुळीत आर्ट पेपर ३०० च्या आसपास सोसतो. आपल्या छपाई विभागाला हे सांगायला नकोच. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत हवीत. कागदाची ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर नसेल तर पुस्तक उघडे राहत नाही आणि बांधणीजवळ पाने लाटांसारखी फुगतात. बांधून झाल्यावर यावर उपाय नाही.

संस्था निवडताना नावाआधी चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या दोन-तीन वर्षांचे प्रबंध वाचायला मिळतील का? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात? छपाईची कार्यशाळा संध्याकाळी उघडी असते का? समीक्षेच्या तासाला बाहेरचे परीक्षक येतात का? पदवीच्या नावावरून कालावधीही पाहावा: ब्रिटनमधली एमए बहुधा वर्षभराची असते, अमेरिकेतली एमएफए आणि भारतातली एम.डेस. साधारण दोन वर्षांची. वर्षभरात प्रश्न शोधून तो तडीस न्यायचा तर प्रश्न जवळजवळ हाती घेऊनच जावे लागते. ज्यांना फक्त सॉफ्टवेअर पक्के करायचे आहे, त्यांनी काही महिन्यांचा अभ्यासक्रम करावा. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि दोन वर्षे वाचतात.

आपल्याकडे एक विनंती आहे. शिक्षणविषयक पानांवर विद्यार्थ्यांचे प्रकल्प छापताना अंतिम पोस्टरची जागा थोडी कमी करावी. त्याच्या बाजूला त्याच प्रकल्पातले रद्द झालेले दोन आराखडे छापावेत आणि प्रत्येकाखाली, तो का रद्द केला हे त्या विद्यार्थ्याच्याच शब्दांत, ३०-४० शब्दांत द्यावे.

आपले,
ग्राफिक डिझाइन शिकवणारे काही शिक्षक