ॲडमिनला तंबी नको, वेळ टाकलेली एक ओळ द्या

मा. जिल्हाधिकारी, नागपूर
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांस,

सविनय नमस्कार.

मी अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला राहतो. आमच्या लेआऊटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ४०० च्या आसपास माणसं आहेत आणि गेली सात वर्षं मी त्याचा ॲडमिन आहे. एरवी तिथे कचऱ्याची गाडी, नळाची वेळ, कुणाच्या घरचं लग्न एवढंच चालतं. संकटाच्या दिवशी मात्र हाच ग्रुप लोकांचा रेडिओ होतो, पोलीस चौकी होतो आणि रडायची जागाही होतो. त्या दिवसांबद्दल आपल्याशी बोलायचं आहे.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्या कार्यालयाच्या नोंदीत असेलच. चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तलाव सांडव्यावरून वाहू लागला, नाग नदीने काठ सोडला आणि डागा लेआऊटपासून मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी शिरलं. आमच्याकडे वीज गेली होती. साडेतीनच्या सुमारास ग्रुपवर १७ सेकंदांचा एक व्हॉइस मेसेज आला. एक बाई रडत सांगत होती, "अंबाझरी फुटला म्हणून राहिले, खाली उतरा, गाड्या काढा, पळा." ती कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मेसेज दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवरून आला होता. बघता बघता अकरा जणांनी तोच परत टाकला.

तलाव फुटला नव्हता, भरून वाहत होता. कागदावर हा फरक दोन शब्दांचा आहे, पण त्या पहाटे त्यावर सगळं अवलंबून होतं. फुटला असेल तर माणूस घर सोडून पळतो. भरून वाहत असेल तर वरच्या मजल्यावर थांबायचं असतं. आमच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने ऐंशी पार केलेल्या आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि मुलाने-नातवाने मोबाईलच्या उजेडात जिन्याने खाली आणलं. पार्किंगमध्ये खुर्चीचे पाय टेकले तेव्हा पाणी आजोबांच्या मांडीपर्यंत आलं. तसेच उचलून त्यांना पुन्हा दोन मजले वर नेलं. ते होते तिथेच सर्वांत सुरक्षित होते. त्यांना खाली आणलं ते त्या १७ सेकंदांनी.

मी घाबरलो आणि ग्रुपची सेटिंग बदलून टाकली, फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी. मेसेज थांबले. मला वाटलं, बरं केलं. ग्रुप चाळीस मिनिटं तसा होता. त्याच वेळात तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक ताई पाण्यामुळे दार उघडत नाही म्हणून ग्रुपवर मदत मागायला गेल्या, तर लिहायची जागाच नाहीशी झालेली. तिथे फक्त एवढंच, की केवळ ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. त्यांनी खिडकीच्या गजांतून स्टीलचं ताट वाजवलं. समोरच्या घरातल्या मुलाने ते ऐकलं, म्हणून त्या बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तो फोन दाखवला. रागाने नाही. "भाऊ, हे असं काहून केलं?" एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी ग्रुप बंद करत नाही. "आमच्या गल्लीत पाणी शिरलं, पायऱ्यांपर्यंत आहे" हा मेसेज कितीही घाबरवणारा असो, तो राहतो, कारण लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलंय आणि जागा सांगितली आहे. "म्हणून राहिले"वाला, म्हणजे नुसता ऐकीव, मेसेज मी काढतो, आणि टाकणाऱ्याला लगेच खासगीत फोन करतो. चारचौघांत रागावलं की माणूस हट्टाने दुसऱ्या ग्रुपवर तेच टाकतो. फोन केला की बहुतेक वेळा पलीकडून खरी गोष्ट कळते: घरी लहान लेकरू आहे, नवरा नाइट ड्युटीवर आहे, पाणी वाढतंय. घाबरलेल्या माणसाला गप्प केलं की भीती तशीच राहते. तिला उत्तर लागतं. आणि महोदय, त्या पहाटे माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दर संकटात वेगवेगळ्या कार्यालयांतून एक पत्रक फिरतं: अफवा पसरवल्यास कडक कारवाई, ॲडमिन जबाबदार राहील. कायदा आहे आणि तो असावा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ मध्ये खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. ती अफवाही मोबाईलवरूनच गावोगाव फिरली होती. जाणूनबुजून विष कालवणाऱ्याला सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला दोषी धरता येत नाही, हे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने सांगितलं आहे. तरीही "ॲडमिन जबाबदार राहील" हे वाक्य पत्रकांत येतं, आणि त्याचा परिणाम काय होतो ते मी पाहिलंय. समजूतदार माणसं ॲडमिनपद सोडतात. माझ्या ओळखीतल्या तिघांनी सोडलं. ग्रुप मात्र चालूच राहतात.

मार्च २०२५ मध्ये शहरातल्या महाल भागात झालेल्या हिंसाचारानंतर संचारबंदी पोलीस ठाण्यांच्या हद्दीप्रमाणे लागली आणि टप्प्याटप्प्याने उठली. आमच्या ग्रुपवर दिवसभर एकच प्रश्न होता, आमच्याकडे आहे का, दूध आणायला जाऊ का? उत्तर म्हणून आदेशांचे वाकडे काढलेले फोटो यायचे. कालचा कुठला, आजचा कुठला, कळायचं नाही. फोटोतली बारीक अक्षरं म्हाताऱ्यांना वाचता येत नाहीत, आणि फोटोवर कुणीही काहीही खोडू-लिहू शकतो.

म्हणून मागणं साधं आहे. संकटाच्या काळात आपल्या नियंत्रण कक्षातून दर अर्ध्या तासाला साध्या मराठीत, टाइप केलेली, वेळ टाकलेली दोन-तीन वाक्यं ठरलेल्या एकाच चॅनेलवर येऊ द्या. त्या पहाटे मला एवढंच मिळालं असतं तरी चाललं असतं:

"पहाटे ४.१०. अंबाझरीची भिंत शाबूत आहे. पाणी सांडव्यावरून वाहत आहे. वरच्या मजल्यावर असाल तर खाली उतरू नका. पुढची माहिती ४.४० ला."

यातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. पुढची खबर कधी येणार हे कळलं की माणूस तेवढा वेळ धीर धरतो. सांगण्यासारखं नवीन काही नसेल तेव्हाही "अजून खात्री झालेली नाही, तपासत आहोत" असं वेळेसकट सांगा. लोक ते समजून घेतात. आणि कुठली अफवा खोटी आहे हे सांगताना ती का खोटी आहे तेही एका ओळीत येऊ द्या. पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण फुटलं, आता नागपूर बुडणार असं आमच्याकडे एकदा आलं होतं. तेव्हा मी लिहिलं, की पेंच नदी शहरातून वाहत नाही, ती कन्हानला मिळते आणि कन्हान कामठीच्या अंगाने जाते. पाच मिनिटांत ग्रुप शांत झाला. नुसतं "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हटलं असतं तर झाला नसता.

आणखी एक. १०७७ या आपत्तीच्या मदत क्रमांकावर एकाच वेळी सगळं शहर "तलाव फुटला का" विचारू लागलं तर खरोखर अडकलेल्याचा फोन लागणार कसा? प्रत्येक प्रभागातल्या चार-पाच ॲडमिनांची यादी पावसाळ्याआधी तयार करा आणि त्यांना विचारायला एक वेगळा नंबर द्या. आम्ही पगार मागत नाही, ओळखपत्रही नको. पहाटे चार वाजता खरं काय ते सांगणारा एक माणूस हवा.

मे महिन्यात अशी बैठक बोलवावी, ही विनंती. जागा नसेल तर आमच्या लेआऊटचं समाजभवन आहे, चाळीस खुर्च्या आहेत. ताट वाजवणाऱ्या त्या ताई यायला तयार आहेत. मी कालच त्यांना विचारलं.

आपला,
एका लेआऊटच्या ग्रुपचा ॲडमिन
नागपूर